मोहाच्या झाडाला समिती आहे, माणसाच्या रक्ताला नाही

मा. संपादक,
सप्रेम जय सेवा.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या ‘बिरसा १०१’ या देशी जनुकोपचाराविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. १९ नोव्हेंबर २०२५ ला त्याची घोषणा झाली, तेव्हापासून आमच्याकडे बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात लोक मला गाठून एकच विचारतात, ‘बाई, ते इंजेक्शन आपल्या दवाखान्यात कधी येणार?’ मला विचारतात, कारण मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. आता निवृत्त आहे. समाजाने गोंड, रक्ताच्या पॅटर्नने ‘एएस’, म्हणजे आजाराचा जनुक एकाच पालकाकडून आलेली, वाहक. धाकट्या भावाचा मुलगा ‘एसएस’, म्हणजे तो आई-बाप दोघांकडून आलेला, रुग्ण. सुई टोचणारीही मीच आणि सलाइन लागलेल्या पोराच्या उशाशी रात्रभर बसणारीही मीच.

विचारणाऱ्यांना मी सांगते की ते इंजेक्शन नाही. रुग्णाच्याच रक्तातल्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकात दुरुस्ती करायची, हाडांतला जुना मगज औषधांनी रिकामा करायचा आणि मग दुरुस्त पेशी परत आत सोडायच्या. मोठ्या इस्पितळाचं आणि मोठ्या खर्चाचं काम. याच जातीचा ‘कॅसजेव्ही’ उपचार ब्रिटन-अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मंजूर झाला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर लावली गेली. आपला उपचार दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने घडवला, तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं आणि परदेशी उपचाराच्या मानाने तो फारच स्वस्त असेल असं सांगितलं गेलं. मला याचा आनंद आहे. तो रोजच्या वापरात येईपर्यंत माझ्या भाच्याची हायड्रॉक्सियुरियाची गोळी महिन्याच्या महिन्याला मिळाली तरी आमचं घर खूश.

आपल्या लेखात उपचार आहे, संस्था आहे, कंपनी आहे, बिरसांचं नाव आहे. ज्यांच्या रक्तावर ही विद्या उभी राहते ते लोक मात्र अगदी शेवटी येतात, औषधाची वाट बघत रांगेत उभे. त्या रांगेच्या आधीचा भाग राहून गेला, म्हणून हे पत्र. ते जरा लांबलं आहे. काटछाट आपण करालच, पण इटलीची गोष्ट तेवढी राहू द्या.

ती आधी सांगते. कॅसजेव्ही ज्या जनुकाला हात घालतं त्याचं नाव बीसीएल११ए. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर ते बनणं बंद होत जातं, आणि ते बंद करण्यात या जनुकाचा हात असतो. ज्यांच्यात ते पूर्ण बंद होत नाही त्यांना सिकल आणि थॅलेसेमिया (तोही रक्ताचाच आनुवंशिक आजार) कमी छळतात. हे कुठून कळलं? २००७-०८ च्या सुमारास हजारो माणसांचे जनुक ताडून पाहिले गेले तेव्हा, आणि त्यात इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या खेड्यापाड्यांतली माणसं मोठ्या संख्येने होती. आमच्याकडे जसा सिकल तसा तिकडे थॅलेसेमिया. मलेरियाच्या मुलखात दोन्ही टिकले ते एकाच कारणाने: वाहकाला मलेरिया तितका मारत नाही. म्हणजे त्या बेटावरच्या मेंढपाळांनी, शिक्षकांनी, म्हाताऱ्यांनी हात पुढे केले, आणि त्यातून निघालेलं ज्ञान आज सिकलच्या रुग्णाला उपयोगी पडतं आहे. रक्त देण्याला माझा विरोध नाही, हे यावरून कळेल. कोणी देणारच नसेल तर माझ्या भाच्याला गोळीच्या पुढे काही मिळायचं नाही.

आता त्याच बेटाची, तिथल्या ओल्यास्त्रा नावाच्या भागातली, दुसरी गोष्ट. ‘शारडीएनए’ नावाच्या कंपनीने २००० पासून तिथल्या गावांतल्या जवळपास १२ हजार लोकांचं रक्त, डीएनए, घराण्यांच्या वंशावळी आणि आजारांच्या नोंदी जमा केल्या. शेकडो वर्षं बाहेरचं रक्त फारसं न मिसळलेली गावं, त्यामुळे संशोधकांच्या दृष्टीने खजिनाच. लोकांनी आपल्या बेटासाठी, आपल्या नातवंडांसाठी म्हणून दिलं. कंपनी बुडाली. दिवाळखोरीत जसं फर्निचर विकतात तसा हा सगळा साठा २०१६ मध्ये २ लाख ५८ हजार युरोला लंडनच्या एका कंपनीने विकत घेतला. इटलीच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने हस्तक्षेप करून वापर थांबवला, देणाऱ्यांना पुन्हा विचारा म्हणून सांगितलं, त्यावर कोर्टबाजी झाली. रक्त देताना अंगठा कोणासाठी केला होता आणि ते गेलं कोणाकडे! हे युरोपात झालं, जिथे घरोघरी शिकलेली माणसं आहेत आणि हक्क सांगायला वकील आहेत.

आमच्याकडे काय आहे ते बघा. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट. ही तपासणी आहे, संशोधन नाही, हा फरक मी आधीच मान्य करते. तपासणीत आम्ही काय करायचो? बोटाला टोचून थेंबभर रक्त सोल्युबिलिटीच्या द्रावणात टाकायचं, नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरायची. रेघा दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण वाहक आणि रुग्ण दोघांचंही द्रावण गढूळच होतं, म्हणून मग शिरेतून रक्त घ्यायचं, जांभळ्या बुचाच्या नळीत भरायचं आणि इलेक्ट्रोफोरेसिसला किंवा एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीला, पाठवायचं. पॅटर्न आला की कार्ड: रुग्णाला लाल, वाहकाला पिवळं, बाकीच्यांना पांढरं. नळीत उरलेलं रक्त ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करून, जैववैद्यकीय कचऱ्यात. माझ्या टेबलावरून तरी ते तिथेच गेलं.

बायोबँकेत, म्हणजे संशोधनासाठी नमुने साठवून ठेवणाऱ्या पेढीत, हा शेवटचा टप्पाच बदलतो. उरलेलं रक्त फेकायचं नाही, त्यातला डीएनए काढून उणे ८० अंशांवर ठेवायचा, आज ज्याचा विचारही कोणी केलेला नाही अशा प्रश्नासाठी. देशात हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालेलं आहे आणि व्हायलाच हवं. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात २० संस्थांनी मिळून ८३ समाजगटांतल्या ९,७७२ लोकांचा संपूर्ण जनुकीय क्रम वाचला. ही माहिती फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये ठेवलेली आहे आणि ९ जानेवारी २०२५ पासून अटी मान्य करून प्रस्ताव पाठवणाऱ्या संशोधकांना ती मागता येते. आजवर जगातलं बहुतेक जनुकीय संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झालं. त्यामुळे आपल्या लोकांच्या रक्तात काय आहे हे आपणच शोधणं गरजेचं आहे. सिकलचंच उदाहरण घ्या. भारतातल्या सिकलची जनुकीय ठेवण आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळी, म्हणून इकडचा आजार सौम्य, असं बरीच वर्षं पुस्तकांत होतं. नागपूर-विदर्भातल्या रुग्णांचा नीट अभ्यास झाला तेव्हा दिसलं की इकडेही पुष्कळ मुलांना आजार चांगलाच तीव्र होतो. वॉर्डातल्या सिस्टरला हे आधीच ठाऊक होतं, पण पुस्तक बदलायला अभ्यासच लागतो.

एवढं सगळं मान्य करूनही माझी तक्रार आहे, आणि ती अनुभवातून आलेली आहे. मी नोकरीत असतानाच आमच्या माहेरच्या गावात एका मोठ्या संस्थेचं पथक आलं होतं. संस्थेचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली होती, मुलांना बिस्किटं वाटली, म्हाताऱ्यांचं बीपी तपासलं. आईचंही ५ मिली रक्त घेतलं. आईला गोंडीच यायची, मराठी बाजारापुरती. फॉर्म छापील मराठीत, तोही सरकारी परिपत्रकासारख्या. एकाच अंगठ्यात तीन गोष्टी होत्या: आजची तपासणी, नमुना साठवणं आणि पुढच्या कुठल्याही संशोधनाला परवानगी. आईला वाटलं सिकलची तपासणी आहे. ‘रिपोर्ट कळवू’ म्हणून गेले ते गेलेच. मुख्य म्हणजे त्या पथकाने काही नियमबाह्य केलं असं मी म्हणूच शकत नाही. अंगठा होता, फॉर्म होता, नीतिमत्ता समितीची मंजुरीही असणारच.

पुढे कधीतरी एका तरुण डॉक्टरने मोबाइलवर एक शोधनिबंध दाखवला. आमचा समाज, आमचा तालुका, आणि आमच्यात अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातली लग्नं, जास्त असल्याचा निष्कर्ष. त्याच पथकाचा होता की दुसऱ्या कोणाचा, कोणास ठाऊक. वाचून माझ्या भावाने शिवी हासडली. आमच्याकडे सगा, म्हणजे कुळांचे गट, असतात: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एका सगातल्या मुलामुलीचं लग्न होत नाही, भाऊ-बहीणच मानतात. चुलत घरात सोयरीक हा आमच्यात घोर अपराध. हां, आते-मामे भावंडांचं लग्न मात्र चालतं, पुष्कळ घरांत ते पसंतही करतात. गणिताने निष्कर्ष बरोबर असेलही. पण लिहिण्याआधी आमच्यातल्या एखाद्या भुमकाला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, एखाद्या शिकलेल्या पोरीला विचारलं असतं तर दोन गोष्टी झाल्या असत्या. एक, समाजाला शिवी बसली नसती. दुसरी जास्त मोलाची: आते-मामे सोयरिकीत दोन्ही घरी पिवळं कार्ड असण्याचा संभव वाढतो, तेव्हा समुपदेशनाची खरी जागा तिथे आहे, हे पथकाला कळलं असतं आणि निबंधातून गावाला काहीतरी परत मिळालं असतं. ज्ञानाचं नुकसान दोन्हीकडून झालं.

अमेरिकेत हावासुपाई नावाच्या जमातीचं याहून वाईट झालं. ग्रँड कॅनियनच्या तळाशी राहणारी छोटी जमात. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त घेतलं. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनियाच्या, अंतःप्रजननाच्या आणि पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासाला वापरलं गेलं. जमात कोर्टात गेली. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. आफ्रिकेतल्या सान लोकांनी तर कोर्टाची वाट धरली नाही. त्यांच्या चार वडीलधाऱ्यांचे जनुक वाचून २०१० मध्ये गाजलेला शोधनिबंध निघाला. त्या चौघांची संमती घेतली होती, पण सानांच्या संघटनांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी २०१७ मध्ये स्वतःची संशोधन संहिता लिहून काढली आणि आमच्याकडे यायचं तर याप्रमाणे या, म्हणून जाहीर केलं. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी, आणि सगळं ठरलेल्या रीतीने. मला त्यांचा हेवा वाटतो.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचा. आदिवासींवरचं संशोधन उपचार, निदान किंवा प्रतिबंधाच्या कामाचं असावं आणि त्याचा योग्य लाभ त्यांना मिळावा, प्रशासनाची परवानगी घ्यावी, बोली जाणणाऱ्या माणसाच्या मदतीने, समाजातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून, साक्षीदारासमोर संमती घ्यावी, पुढाऱ्याने हो म्हटलं तरी प्रत्येकाला वेगळं विचारावं, हे सगळं त्यात आहे. साठवणुकीसाठी टप्प्याटप्प्याची संमती घेता येते, लहानपणी नमुना घेतलेल्या मुलाला १८ वर्षांचं झाल्यावर पुन्हा विचारावं, हेही आहे. पण ही तत्त्वं पाळली की नाही हे बघते ती संस्थेचीच समिती, शहरात बसून. त्या समितीत एक सामान्य माणूस असावा असा नियम आहे. तो बहुतेक वेळा कोण असतो हे मला सांगायला नको. सिकलचं लाल कार्ड खिशात असलेला माणूस तिथे बसलेला मी अजून ऐकला नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. निवृत्तीनंतर मी आमच्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत अशी समिती असते. आम्ही लोकजैवविविधता नोंदवही ठेवतो: कोणत्या पाड्याजवळ हिरडा, बेहडा, चारोळी, कोणता कंद कोणत्या आजारावर. उद्या एखादी कंपनी व्यापारासाठी आमच्या जंगलातून झाडपाला न्यायला आली तर राज्य जैवविविधता मंडळ, ज्याचं कार्यालय नागपूरला आहे, त्याला कळवावं लागतं आणि फायद्यातला वाटा द्यावा लागतो. व्यवहारात हे कसं चालतं ते वेगळं सांगता येईल, पुष्कळ नोंदवह्या तारीख गाठायला म्हणून घाईघाईत भरल्या गेल्या, आणि २०२३ च्या दुरुस्तीने सवलतीही वाढल्या. तरी कायदा तोंडाने म्हणतो तरी की हा ठेवा गावाचा आहे. त्याच कायद्याच्या व्याख्येत, कलम २ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की जैविक संसाधनात माणसाचं जनुकीय द्रव्य धरलेलं नाही. माणूस ही विकायची वस्तू नाही म्हणून ते वगळलं असेल, आणि ते योग्यच. पण वगळून पुढे दुसरीकडे कुठे धरलं? मोहाच्या बीवर गावाला विचारण्याचा हक्क आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाशी झुंजून ज्या रक्तात हा बदल टिकला त्या रक्तावर मात्र एकेकट्या अंगठ्याशिवाय काही नाही.

एकट्याचा अंगठा का पुरत नाही, हे समजायला सिकलइतकं सोपं उदाहरण नाही. भाच्याचा ‘एसएस’ पॅटर्न आला त्या क्षणी आम्हाला चाचणी न करताच कळलं की भाऊ आणि भावजय दोघंही निदान वाहक आहेत. तिच्या माहेरी कोणीतरी असणार, आमच्या आईबाबांपैकी एक असणार. एका पोराने बोट पुढे केलं आणि दोन घराण्यांच्या गोष्टी उघड झाल्या. त्यातून ४० घरांच्या गावाबद्दल निबंधात ‘१४ वर्षांची मुलगी, एसएस, वडील शिक्षक’ इतकं लिहिलं तरी पुरे, नाव झाकून काय होणार? गावात शिक्षक किती असतात?

ग्रामसभेला विचारा म्हटलं की शहरातले डॉक्टर लगेच म्हणतात, मग काम वर्षभर अडेल, आणि एखादा पुढारी सगळ्यांच्या वतीने नाही म्हणून मोकळा होईल. ही भीती खोटी नाही. आमच्याच धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेने ओळखलं जातं. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने चालते आणि सोबत अभ्यासगट आहेत, बाहेरच्या जाणकारांना बसवून लोक विषय समजून घेतात. पण प्रत्येक गाव मेंढा नाही. कित्येक ठिकाणी ग्रामसभेत बाया मागे बसतात आणि रजिस्टरवर सही करून घरी जातात. माझ्या पॅटर्नची चर्चा पंचांसमोर व्हावी असं मलाही वाटत नाही. म्हणून ग्रामसभेने व्यक्तीच्या वतीने हो किंवा नाही म्हणू नये. नमुना देणं-न देणं ज्याचं त्याचं. ग्रामसभेत विषयाची चर्चा व्हावी: काय शोधताय, किती वर्षं ठेवणार, कोणाला देणार, कंपनीला देणार का, आमच्याबद्दल काय छापणार, आणि परत येऊन सांगणार कधी. आणि हे गोंडीत, माडियात, मेळघाटात कोरकूत, नंदुरबारला भिलीत.

शिवाय सिकल हा काही फक्त ग्रामसभेच्या हद्दीतला आजार नाही. नागपूरच्या वस्त्यांमधल्या बौद्ध घरांत तो आहे, इतर समाजांतही आहे, आणि सरकारी अभियानाच्या भाषेत ‘आदिवासी आजार’ असं वारंवार म्हटल्याने हे लोक यादीतून निसटतात. त्यांना ग्रामसभा नाही. तिथे रुग्णांच्या आणि पालकांच्या संघटना आहेत, त्यांना धरावं लागेल. समाज कोण हे आधीच ठरवून येऊ नका, तेही विचारूनच ठरवा.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत काम सुरू केलं तेव्हा पहिला अभ्यास सिकलचाच केला होता. आजार इथे आहे हे सिद्ध झालं, पण लोकांच्या लेखी ती त्यांची गरजच नव्हती, आणि मग काय हवं ते लोकांना विचारून पुढचं काम ठरवलं, हे डॉक्टरांनी स्वतः जाहीरपणे अनेकदा सांगितलंय. त्यांच्या शोधग्राम या केंद्रातला दवाखाना आदिवासी गावासारखा बांधला गेला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं, ते या विचारण्यातूनच. म्हणजे हे करता येतं, आमच्याच जिल्ह्यात करून झालेलं आहे, आणि त्यामुळे शास्त्राचा दर्जा कमी झाला नाही. त्यांच्या नवजात बालकांच्या अभ्यासाची दखल जगाने घेतली.

माझं मागणं फार मोठं नाही. तपासणीचा कागद आणि साठवणुकीचा कागद वेगळे करा, आणि दुसऱ्यावर ‘नाही’ म्हटलं तरी पहिली तपासणी फुकट होईल हे मोठ्याने वाचून दाखवा. साठा कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीवर त्या भागातले, त्या आजाराचे दोन जण घ्या, त्यांचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्या, आणि त्यांना मताचा अधिकार द्या. नमुने ठेवणारी संस्था बंद पडली किंवा विकली गेली तर साठ्याचं काय होणार हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. ओल्यास्त्राच्या लोकांनी हे विचारलं नव्हतं. अभ्यास संपल्यावर निकाल आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गावात सांगा, मग परिषदेत. आशाताईला सांगितलं तरी चालेल, ती आमच्यापर्यंत पोचवते. आमच्या रक्तावरून औषध निघालं, तर किमतीच्या वाटाघाटीत आमचा वाटा म्हणून ते जिल्हा रुग्णालयात मोफत मिळण्याची अट असू दे. रोख पैसा नको, तो कोणाच्या खिशात जातो ते तेंदूपत्त्याच्या बोनसवरून आम्ही शिकलो आहोत.

राज्य सरकारने या बाबतीत केंद्राची वाट बघू नये. जैवविविधता मंडळ आहे, आदिवासी विकास विभाग आहे, चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र आहे. तिघांनी बसून विदर्भासाठी सानांसारखी एक संहिता लिहायला घेतली तर मसुदा वाचायला मी माझ्या खर्चाने चंद्रपूरला येईन.

उपचाराला बिरसांचं नाव दिलं याचा मला अभिमान आहे. पण बिरसा कशासाठी लढले तेही नाव देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. मुंडांच्या खुंटकट्टी जमिनी, म्हणजे जंगल साफ करणाऱ्या घराण्यांच्या सामाईक जमिनी, परक्या जमीनदारांच्या कागदांवर चढत होत्या. ज्यांची जमीन त्यांना न विचारता कागद तयार होत होते, भांडण तिथून पेटलं. १९०० मध्ये रांचीच्या तुरुंगात बिरसांचा मृत्यू झाला तेव्हा त्यांना पंचविसावं वर्ष चालू होतं.

एक विनंती. पत्राखाली माझं नाव-गाव छापू नये, आपल्या नोंदीसाठी ते वेगळ्या कागदावर जोडलं आहे. भाचीच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत. तिचं कार्ड पांढरं आहे, पण मुलाकडचे भावाच्या कार्डाचा रंगही विचारतात.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
जि. गडचिरोली